बुधवारचं कार्ड

धारवाडच्या बायबल कॉलेजात आम्ही नऊ विद्यार्थी होतो. कॉलेज म्हणजे दोन वर्ग, एक जेवणघर आणि कौलारू खोल्यांची एक ओळ. दुसऱ्या महायुद्धाला अजून चार-पाच वर्षं होती. शिकवणं सगळं कन्नडात चाले. घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून आम्हाला एक खोली दिली होती.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. गावातल्या मळमड्डी भागापासून थोडं पुढे मिशनच्याच घरात आम्ही राहायचो. मी चर्चचा पाळक व्हायचं हे मी पाळण्यात असतानाच ठरलं होतं. माझ्या सोबत्याचं तसं नव्हतं. जुन्या हुबळीत त्याच्या घरचं कापडाचं दुकान होतं. मिशनच्या वाचनालयात वाचता वाचता त्याची श्रद्धा बसली आणि विसाव्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला. भावकीनं त्याच्या नावानं घट फोडला. तो जिवंत असून घरच्यांना मेला. थोरला भाऊ दोनदा येऊन त्याला घेऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा तो परत आला होता.

आमच्याकडे 'पाचारण' हा शब्द रोज कानावर पडे. देवानं तुला या कामाला बोलावलं आहे का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारायचं. मी विचारायचो आणि आतून काही ऐकू यायचं नाही. तो मात्र पहाटे अंथरुणावर बसून प्रार्थना करायचा तेव्हा समोर कोणीतरी बसलंय असं वाटायचं. मला त्याचा हेवा वाटे. हे लिहायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात भीतीइतकाच या हेव्याचाही वाटा होता.

विद्यार्थ्यांची पत्रं आधी प्राचार्यांच्या टेबलावर जात. साहेब परदेशी. कन्नड उत्तम वाचायचे, पण मराठी त्यांना येत नसे. मराठी पत्र आलं की मला बोलावणं यायचं.

त्या बुधवारी सोबत्याच्या नावानं कार्ड आलं. मी ते वाचून साहेबांना कन्नडात सांगितलं. भावानं लिहिलं होतं, 'आई अंथरुणाला खिळली आहे. वैद्यांनी आशा सोडली. सारखं तुझं नाव घेते. भाऊबंदांना कळू न देता परसदारानं ये. कडी काढून ठेवतो.'

साहेबांनी कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. मग म्हणाले, "रविवारी त्याचा परीक्षेचा उपदेश आहे. घरच्यांनी याआधीही त्याला असंच बोलावून नेलं होतं. रविवारी उपासना झाली की मी स्वतः त्याला सांगेन. तोवर तू बोलायचं नाहीस."

"साहेब, पण आई खरंच आजारी असेल तर?"

"तर आपण प्रार्थना करू."

मी 'बरं' म्हणालो. वडिलांची नोकरी, डोक्यावरचं छप्पर, सगळं मिशनचं होतं. आणि खरं सांगायचं तर, हा घरी गेला आणि परतलाच नाही, तर आमच्यात सगळ्यांत चांगला मी ठरेन, असा एक विचार मनात येऊन गेला. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की साहेबांचं ऐकणं हाच धर्म, असं मी स्वतःला पटवलं.

चार दिवस मी त्याच्याशेजारी जेवलो, झोपलो. तो माझ्यासमोर उपदेशाचा सराव करायचा आणि विचारायचा, "कन्नड नीट येतंय ना?" मी त्याच्या चुका सुधारायचो.

रविवारी तो सुंदर बोलला. दुपारी साहेबांनी त्याला कार्ड दिलं. मी सोबत येतो म्हणालो. तो नको म्हणाला नाही.

हुबळीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बोळातून आम्ही परसदारी गेलो. दार आतून बंद होतं. त्यानं कडी वाजवली. भावानं दार उघडलं. त्याचं डोकं मुंडलेलं होतं.

"काल पहाटे गेली," भाऊ म्हणाला. "शुक्रवारपर्यंत शुद्ध होती. जरा कुठे वाजलं की दाराकडे बघायची."

"अण्णा, मला..."

"कार्ड मंगळवारी टाकलं होतं. धारवाड काही काशी नाही."

कार्ड चार दिवस कुणाकडे होतं, हे त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. सोबत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि भावाला एवढंच म्हणाला, "उशीर झाला." भावानं दार लावून घेतलं.

स्टेशनच्या वाटेवर त्यानं विचारलं, "साहेबांना वाचून कोणी दाखवलं?"

"मी."

"बुधवारी?"

"हो."

तो थांबला. "म्हणून दाखव."

कार्ड त्याच्याच खिशात होतं. तरी मी म्हणून दाखवलं. माझं ते पाठ झालं होतं. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. रस्त्यानं माणसं जात होती. तिसऱ्यांदा मला रडू फुटलं. तो रडला नाही.

पुढे महिनाभर तो कॉलेजात राहिला. माझ्याशी कामापुरतं बोले. वर्षअखेरीच्या मुलाखतीत पाचारणाविषयी विचारल्यावर तो म्हणाला, "देवानं बोलावलं होतं. तुमच्याकडे राहून ते आता ऐकू येत नाही." त्याला काढून टाकलं नाही. तोच निघून गेला आणि हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात लागला. त्याच मुलाखतीत मी, माझं पाचारण पक्कं आहे, असं सांगितलं आणि पास झालो.

युद्धाच्या काळात माझी हुबळीच्या एका चर्चवर नेमणूक झाली. पहिल्याच रविवारी तो शेवटच्या बाकावर दिसला. नंतरही दर रविवारी यायचा, पण प्रभुभोजनाच्या वेळी, पाळकाच्या हातून भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, उठायचा नाही. वर्षभरानं मी दाराशी त्याला गाठलं.

"तू भोजन का घेत नाहीस? विश्वास राहिला नाही का?"

"विश्वास आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्या हातून नको."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. माझ्यानंतर आलेल्या पाळकांनी एकदा पत्रात सहज लिहिलं, की वर्कशॉपातले एक गृहस्थ आता नेमानं भोजनाला पुढे येतात. ते पत्र वाचून मला बरं वाटलं. त्या रविवारी मी भोजन वाढलं, पण स्वतः घेतलं नाही.