काळ्या मातीची भिंत

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येणार होती, तीही भर उन्हाळ्यात. आणि आमचं शेतातलं घर पत्र्याचं. ते पत्रे मीच हौसेनं निवडलेले.

"लेकीला ह्याच्याखाली भाजायचंय का?" बायकोनं विचारलं.

मी म्हणालो, महिन्याभरात गार खोली बांधून देतो. सिमेंटचं एक पोतं आणणार नाही. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितलेले असल्यामुळे ज्ञानाची काही कमतरता नव्हती.

पडक्या गोठ्याचे दगड आणि तुळया कामी आल्या. सिरसाळ्याहून जुनं सागवानी दार आणलं. त्याच्यावर कुणीतरी कधीकाळी रंगवलेलं होतं: 'चपला बाहेर काढाव्यात'. गवंड्यानं भिंती उभ्या केल्या, माळवद घातलं. गिलावा मात्र मी करणार, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मातीसाठी लांब कशाला जायचं? आमची काळीभोर जमीन. आमचा कापूस बघायला रस्त्यावरची माणसं गाडी थांबवतात. तीच माती घेतली, भुसा-शेण घालून चार दिवस तुडवली आणि आत-बाहेर भिंती लिपून काढल्या. वाळल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मग एक मोठा पोपडा सुटून बायकोच्या पायाशी पडला. तिनं खराटा आणून तो झाडून काढला. तेच जास्त लागलं.

लेक यायला आठ दिवस उरले होते.

आमच्या रानात दरवर्षी खतासाठी मेंढ्या बसवायला धनगराचं कुटुंब येतं. त्यातली म्हातारी भिंत बघायला आली.

"बापू, काळीनं घर लिपलंस कावून?"

"आपली माती लई भारी हाय, मावशी."

"कापसाला भारी. पाणी पिली की फुगती, वाळली की आकसती. घराला पांढरी माती लागती. येवढा बाप्या झालास, कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलंतं," बायको आतून म्हणाली. "ऐकायला कोण होतं? मोबाइलमधी होते."

सिमेंट असतं तर घण घालावा लागला असता. इथं खुरप्यानं सगळा गिलावा दुपारपर्यंत उतरला. तो मी परत वावरात पसरला; शेणाचं खत फुकटात पडलं. गावात जुनी घरं पडून पांढरीचे ढीग झालेत, तिथून गाडीभर माती आणली. म्हातारीनं तळहात कसा फिरवायचा ते दाखवलं. मी लिपलेल्या कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तितं कपाट ठिवा."

लेक आली ती बाराच्या उन्हात. दारावरचं वाचून हसली, चप्पल काढली, आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. "बाबा, कूलर लावलाय का?" म्हणाली. उत्तर द्यायच्या आत झोपली, ती चहाच्या वेळेलाच उठली. बायकोनं भिंतीवरून एकदा हात फिरवला. माझ्याकडं बघितलं नाही, पण चहा मला आधी दिला.

आता नातीला महिना झालाय. दुपारी शेजारच्या बायका बाळ बघायला म्हणून येतात आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नाहीत. काल दारापुढं चपलांचे अकरा जोड होते. माझी चप्पल ठेवायला जागा नव्हती, आत मला तर नव्हतीच.

मी पत्र्याखाली बसून घाम पुसत होतो. लई बरं वाटत होतं.