एक्स्चेंजच्या दारातल्या चपला

भूत-बित मी मानत नाही, आजही नाही. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं... शंका आली की मीटर लावून बघायचं, एवढंच ठाऊक. तरी लिहितोय, कारण पोटात ठेवून ठेवून आता जड झालंय.

साल १९९४. परभणी जिल्हा, राणीसावरगावच्या रस्त्यावरचं आमचं गाव. नाव सांगत नाही. तिथल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर आम्ही दोघंच, मी आणि माझे सीनियर किसनकाका. काका बौद्ध वस्तीतले. मशीनला धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर काढायची सवय त्यांनी अख्ख्या गावाला लावली होती. कोणी आत आलं की काका हळूच बाहेर जाऊन त्याच्या चपला फिरवून ओळीत लावायचे, पुढचं टोक रस्त्याकडे. जाताना नुसता पाय घालायचा.

"काका, देवळात बी एवढं कुणी करत न्हाई," मी चिडवायचो.

"देवळात मला कोण येऊ देतंय?" ते हसायचे.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा निर्णय झाला आणि त्याच आठवड्यात भर दुपारी एस.टी. स्टँडवर त्यांना कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारलं. मारणारे माझेच भावकीतले, पुढे माझा चुलतभाऊ दत्ता. डोकं फुटून काका जागेवर गेले. अंगावर पोतं मीच टाकलं. तिथून ती हरामखोर टोळी वस्ती पेटवायला गेली. वस्तीत काकू होत्या, त्यांची लेक होती.

मी पोलिसांना फोन करायला एक्स्चेंजमध्ये पळालो, कडी घातली. पण त्यांनी गावाची वीज तोडली होती. मशीन बंद पडून बॅटरीवर पुन्हा चालू झालं होतं, आणि तसं झालं की बाहेरगावची लाइन बंदच राहायची. ती उघडायची तर टर्मिनलवर नाव-पासवर्ड टाकून मशीनच्या आत शिरायला हवं. तो पासवर्ड फक्त काकांकडे!

मी काकांचं नाव टाकलं. पुढे काय टाकावं सुचेना. तेवढ्यात दारावर कुऱ्हाड बसली. दत्ता चार-पाच जणांना घेऊन माझ्या मागं आला होता.

"शिवा, उघड! कुणाला फोन लावायलास?"

"पोलिसाला! अजून कुणाला?"

"आपल्यातला असून? थांब, तुला बी तोडतो!"

मी अंदाजानं काहीतरी दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत उमटलं — या नावाचा माणूस आधीच आत काम करतोय.

खोलीत टर्मिनल एकच, आणि समोर मी. माझे हात कपाळावर होते... आणि स्क्रीनवर एकेक ओळ आपोआप टाइप होत होती. शेवटची ओळ उमटली आणि रिसीव्हरमध्ये टोन आला.

पोलिसांना गावाचं नाव सांगून होतंय तोच दार फुटलं. दत्तानं माझा हात कोपरात मोडला, मग कुऱ्हाड मशीनमध्ये घातली. मार खाऊन माझं तोंड रक्तानं भरलं होतं, तरी मी त्याला शिव्या घालत होतो.

पोलीस बंदोबस्ताची गाडी जवळच होती. आवाज ऐकताच ते मागच्या खिडकीतून पळाले, अनवाणी. काकू आणि लेक भाजल्या, पण जगल्या.

अनवाणी का? तर खून करून, दार फोडून आलेली ही माणसं सवयीनं चपला बाहेर काढून आत शिरली होती! शिपायाच्या आधारानं मी बाहेर आलो तर सगळ्या चपला एका ओळीत, पुढचं टोक रस्त्याकडे. दत्ताच्या चपलेवर काकांचं रक्त वाळलेलं.

स्क्रीनवरच्या ओळींचं कारण उद्या एखादा इंजिनिअर सांगेलही. पण ज्यांनी डोकं फोडलं, त्यांच्याही चपला काकांनी सरळ का लावाव्यात? मला अजून कळलेलं नाही. मी असतो तर जाळल्या असत्या.