अक्का, मनू आणि एकेक घास

माझ्या थोरल्या बहिणीचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं शौचाविषयी होतं. दवाखान्यातल्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आल्याची चाहूल लागली तशी म्हणाली, ‘‘मनूचं पोट साफ झालं का गं?’’ मी हो म्हटलं. ‘‘घट्ट का मऊ?’’ शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या पावण्यांनी चमकून आमच्याकडं पाहिलं. ‘‘मऊ,’’ मी सांगितलं, तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरच्या माझ्या घरून मी परत दवाखान्याकडं निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात दाजींचा फोन आला. ‘‘रंजू...’’ एवढंच म्हणाले, आणि ती गेल्याचं मला कळलं.

तिचं नाव शालन. मी अक्का म्हणायची. कोल्हापुरात दिलेली, म्हशींच्या घरात. घराला लागूनच गोठा, आणि आसपासच्या गल्ल्यांत दाजींचा दुधाचा रतीब. अक्काचा आवाज असा की ती गोठ्यात म्हशीवर ओरडली तर कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला दचकायचा. दुधाची तिला भारी आवड. धार काढून झाली की तांब्याच तोंडाला लावायची आणि फेसाची मिशी पदरानं पुसत म्हणायची, ‘‘ह्येच्यापुढं अमृत काय घेऊन बसलाईस!’’ अशा घरात तिला मुलगी झाली, मनाली, आमची मनू. बाळंतपण अडलं, पोरगी उशिरा रडली. वर्ष होत आलं तरी मान धरेना, हातपाय ताठ. सेरेब्रल पाल्सी, असं डॉक्टरांनी सांगितलं. मनू कधी चालणार नाही, बहुधा बोलणारही नाही, हे अक्कानं ऐकून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं, आणि मग गोठ्यात जाऊन बसली.

मनूच्या रडण्याचं मात्र कुणाला काही सांगता येईना. जेवली की थोड्या वेळात पोट ढोलासारखं फुगायचं, अंग धनुष्यासारखं वाकायचं, प्यालेलं दूध बाहेर यायचं. मग दिवसच्या दिवस पोट साफ व्हायचं नाही, आणि किंकाळ्या. येणारे-जाणारे म्हणायचे, अशी मुलं रडतातच. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. अक्का उसळली. ‘‘अशी म्हंजी कशी? रडती म्हंजी कुठंतरी दुखतंय की तिला! तोंडानं सांगता येत न्हाय म्हणून काय दुखायचं थांबतंय व्हय?’’ पोरीला कमरेवर घेऊन ती एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडत राहिली. शेवटी लहान मुलांच्या एका वयस्कर डॉक्टरांनी मनूचं पोट बराच वेळ चाचपलं, काय काय खाते ते विचारलं आणि म्हणाले, काही आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद करून पाहू.

दूध बंद! गोठ्यात म्हशी हंबरतायत आणि घरातल्या पोरीला दूध नाही... सासरची माणसं हसली, मग चिडली. ‘‘रतीब घालणाऱ्याच्या पोरीला दूध बाधतंय म्हणून गावात कळलं तर गिऱ्हाईक काय म्हणंल?’’ दाजी सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. ‘‘गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळंल. पोरगी कुठनं आणू?’’ झालं, विषय संपला. दुधाऐवजी नाचणीची बिनताकाची आंबील आली, मुगाचं वरण आणि भात आला. आणि हळूहळू मनूचं पोट उतरू लागलं. एके दुपारी मी गेले तर ती झोपली होती, हातपाय सैल सोडून, सगळी मुलं झोपतात तशी. अक्का तिच्याकडं बघत उंबऱ्यावर बसली होती. ‘‘आवाज करू नगंस काय,’’ एवढंच म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दुधाचा वास आला की मनू मात्र हात पुढं करायची. म्हणून अक्का गोठ्याच्या मागं जाऊन, घटाघटा पिऊन, चूळ भरून आत यायची. एकदा तशी आली तर मनूनं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं, हुंगलं, आणि जी काही हसत सुटली! ‘‘सापडलो की गं मी!’’ म्हणत अक्काही हसता हसता खालीच बसली. आता तो दिवस आठवला की वाटतं, तो दिवस तरी तिला पुरता मिळाला...

पण दूध सोडल्याचा गुण आला तसं एक भय अक्काच्या मनात शिरलं. मनूचा एखादा दिवस वाईट गेला की ती काहीतरी वगळायची. गहू गेला. तुरीची डाळ गेली. शेंगदाणे, बटाटा, केळं, काहीच राहिलं नाही. वगळल्यावर दोन दिवस बरे गेले की तिला खात्री पटायची, हेच होतं बघ. शेवटी तांदळाची पेज, मूग आणि दुधी भोपळा, एवढ्यावर मनूचं सगळं येऊन ठेपलं. पोट शांत होतं, पण पोरगी वाळत चालली. केस गळायला लागले, दंडाची कातडी सुटली. आम्ही कुणी बोललो की अक्का म्हणायची, ‘‘पोट दुखत न्हाय न्हवं? मग बास.’’

पुन्हा त्याच डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. मी सोबत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘शालनताई, दूध बाहेरच राहू दे. बाकीचं मात्र एकेक करून परत आणायचं.’’ अक्काचा चेहरा लाल झाला. ‘‘तुमास्नी काय जातंय सांगायला! ती वरडती तवा तुमी असताय का तितं?’’ बाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘नसते मी. पण तुम्ही तिचं दुखणं बाहेर ठेवता ठेवता तिचं जेवणही बाहेर ठेवलंय.’’ रिक्षात घरापर्यंत अक्का मनूचं मनगट आपल्या बोटांच्या वेढ्यात धरून बसली होती. वेढा सैल पडत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं तुरीचं वरण केलं. चमचाभर मनूच्या तोंडात घातलं आणि तिच्या पोटावर तळवा ठेवून सगळी दुपार बसून राहिली. स्वतः जेवली नाही, मला जेवू दिलं नाही. मनूनं मात्र जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज काढला, अजून हवं असलं की ती काढते तसा. अक्का तिच्यावरच खेकसली, ‘‘दम खा की जरा!’’ आणि डोळे पुसले. एकेक पदार्थ असाच परत आला. मधे दोनदा मनूला जोराचा त्रास झाला, अक्का हबकली, थांबली, पुन्हा सुरू केलं. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून मनूनं खाल्ली, त्या दिवशी अक्कानं गल्लीत पेरू वाटले. पेढे कसे वाटणार? वर्षभरात मनूच्या गालांवर मांस आलं. दूध तेवढं कायमचं बाहेर राहिलं.

पोरीच्या पोटातली बारीक कळ जिला चेहऱ्यावरून कळायची, तिनं स्वतःच्या पोटाकडं पाहिलं नाही. ‘‘पित्त हाय गं,’’ म्हणत खायचा सोडा घेत राहिली. जेवण कमी झालं तर म्हणाली, वय झालं. तपासणी झाली तोवर जठराचा कॅन्सर पुष्कळ पुढं गेला होता. मनू तेव्हा एकोणिसाची. मग दाजी चुलीपुढं आले. आयुष्यात चहासुद्धा न केलेला माणूस, पेज करायला शिकला. एकाच पातेल्यातली पेज मायलेकींना मिळायची. अक्का दोन घोट घ्यायची आणि म्हणायची, ‘‘मीठ कुठं हाय ह्यात? पोरीला असलं बेचव घालताय व्हय?’’

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मनू आतल्या खोलीत तिच्या खुर्चीत. बायका तिच्यासमोरच बोलत होत्या, एक बरंय, हिला काही कळत नाही. मनूनं तोंड घट्ट मिटलं होतं. मी भरवायला गेले तर मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी नात्यातल्या एक आजी वाटीत दूधभात कालवून घेऊन आल्या. ‘‘आता कुठली पथ्यं? लेकरू उपाशी हाय. जरा गोड लागंल.’’ मी अडवणार, तोच दाजी आत आले. त्यांनी वाटी आजींच्या हातातून हळूच काढून घेतली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मी दारात थांबले. ते मनूसमोर खाली बसले. ‘‘मने, आई गेली. आता यायची न्हाय. लई दुखत हुतं तिला.’’ मनू त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो मी कधीच ऐकला नव्हता. दाजींनी तिला खुर्चीतून उचलून मांडीवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला. दोघं किती वेळ रडत होती, कुणास ठाऊक. एवढ्या माणसांत तिला हे सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं... दिवे लागले तेव्हा तिनं चार चमचे पेज खाल्ली.

मागच्या रविवारी मी गेले होते. गुऱ्हाळं सुरू झालीत. दाजींच्या चुलतभावानं कोडोलीहून ताजी काकवी आणून दिली होती. उसाच्या गोडानं मनूच्या पोटात वारा धरतो, असं अक्काच्या मनानं घेतलेलं, त्यामुळं आहारबाईंनी परवानगी देऊनही काकवी तिनं कधी दिली नव्हती. दाजी स्वयंपाकघरात अक्काच्या पाटावर बसले, बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि मनूच्या जिभेवर लावला. मनू स्तब्ध झाली. तोंड मिटून ती चव आतल्या आत फिरवत राहिली. मग टकटक केलं. दाजी तिच्या पोटावर तळवा ठेवून बसले. मीही बसले. म्हशींची वेळ झाली, त्या हंबरायला लागल्या, तरी दोघंही उठलो नाही. मनूला काही झालं नाही.

‘‘शालनला न इचारता दिलं बघ आज,’’ दाजी म्हणाले.

मनूनं आजवर जे जे खाल्लं, त्या प्रत्येक घासाची चव अक्काला ठाऊक होती, त्यानंतरची प्रत्येक घटकाही ठाऊक होती. काकवी मनूला कशी लागली, हे मात्र अक्काला कधी कळणार नाही.