ताळुरो, बेंबिरो

जपानमध्ये कोबेला आमच्या शेजारी लेकीच्याच वर्गातली एक जपानी मुलगी राहायची. दुसरीत असताना त्या दोघींनी मिळून एक भाषा काढली. कुणाला कळू नये म्हणून काढलेली, त्यामुळे मला ती कळायलाच हवी होती. लेक घरात मराठी बोलेनाशी झाली होती. मी मराठीत विचारायचं, तिनं जपानीत उत्तर फेकायचं. नवरा म्हणायचा, "अगं, समजतंय ना तिला? मग झालं तर!" त्याचं काय जात होतं? ऑफिसात त्याला बोलायला चार पुणेकर होते. मला ही एकच होती.

दोघी बाल्कनीत डॉक्टर-डॉक्टर खेळायच्या, तेव्हा मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने कान टवकारून उभी राहायचे. जपानी शब्दाला 'रो' चिकटवायचा, एवढं लगेच कळलं. डोळा मेरो, कान मिमिरो, गुडघा हिझारो. सगळी मुळं तिकडचीच. मी हिरमुसलेच. तेवढ्यात बाहुलीचं डोकं दाबत शेजारची पोर म्हणाली, "ताळुरो!" माझ्या हातातला चिमटा खाली पडला. टाळू! पाठोपाठ बेंबिरो आलं, कोपारो आलं, तळवारो आलं. जपानी पोरीच्या तोंडून आपली बेंबी ऐकून मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी दोघींना शिरा करून घातला.

पण हीच चार का? नाक-डोळे विसरून कोपर कशाला लक्षात राहावं? दोन दिवस डोकं खाजवलं. मग रविवारी स्वतःच्या केसांसाठी थिजलेल्या खोबरेलाची बाटली गरम पाण्यात उभी केली आणि हातांना आधी आठवलं. नाक, डोळे, कान लेकीला तिथल्या पाळणाघरातल्या बाईंनी जपानी गाणी म्हणून शिकवले होते. मी शिकवलं असं काही नव्हतं. दर रविवारी न्हायच्या आधी तिला तेल लावायचे आणि हात जाईल तिथलं नाव घेत राहायचे. टाळू भरू या, बेंबीत थेंब सोडू या, कोपरं चोळू या, आता तळवे. पहिलीत गेल्यावर तिनं तेलच बंद केलं. वर्गात वास येतो म्हणाली.

मला ते दिवस इतके हवेसे झाले, की मी बाटली पुसून तशीच तिच्या खोलीत गेले. ती पोटावर पडून चित्र रंगवत होती.

"लावू का गं थोडं? नुसतं पाठीला."

"इया," ती म्हणाली. म्हणजे नको.

"बरं, पाठीला काय म्हणता तुमच्या भाषेत?"

अजून ठरलं नाही, असं ती जपानीत म्हणाली.

"मी सुचवू एक शब्द?"

तिनं रंगाची कांडी खाली ठेवली. लेकीला शिंगं फुटली होती, पण त्या वेळी ती रागावली नाही. मला नीट समजावं म्हणून, एकेक शब्द शोधत, सावकाश म्हणाली, "आई, ती भाषा आमची आहे. तुझी नाही."

कित्येक महिन्यांत ती माझ्याशी एवढं मराठी बोललीच नव्हती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते कशाचं हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"परत म्हण ना," मी म्हटलं.