करंबेळकर साहेबांची खडी

करंबेळकर साहेबांच्या घरात शिरताना श्वास आवरावा लागे. दार उघडताच आतून हुकूम यायचा, "हळू! खडी उडेल." भर जूनमध्ये, लखनौच्या उकाड्यात, घरातले सगळे पंखे बंद. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला हा माणूस गोमती नगरच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत, फळीवर मांडलेल्या बोटभर रुंद रुळांमध्ये वाळूची खडी भरत बसलेला असे. मी खालच्या मजल्यावर राहते, बँकेत नोकरी करते. कॉलनीत त्यांना फार मान. माझ्याकडून तो त्यांना कधी मिळाला नाही, आता तर मुळीच मिळायचा नाही.

"खेळणं म्हणू नका, मॉडेल आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "खडी नीट नसेल तर रूळ म्हणजे नुसतं भंगार." नोकरीत म्हणे त्यांनी खराब खडीवरून भल्याभल्यांना झाडलं होतं. स्वतः मे महिन्याच्या उन्हात रुळांवरून किती चाललात, असं विचारलं की त्यांना चहाची आठवण व्हायची. चहा करणार काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी. काकूंच्या पिठाच्या चाळणीतून साहेब वाळू चाळत. मग पोळीत कचकच लागली की तेच ओरडत, "पीठ चाळत नाहीस का?"

काकूंना काचबिंदू होता. डोळ्यांत रोज न चुकता थेंब घालायचे. एका सकाळी त्या जिना चाचपडत माझ्याकडे आल्या. "मीना, मेडिकलमधून माझं औषध आणशील? बाटली यांनी घेतली गं."

मी वर गेले. साहेब त्या बाटलीतून पाण्यात कालवलेला गोंद खडीवर थेंब थेंब सोडत होते. औषध बेसिनमध्ये ओतून दिलं होतं.

"संपतच आलं होतं," ते मान वर न करता म्हणाले. "अरे भाई, असा थेंब दुसऱ्या कशातून पडत नाही. बघ, एकेक दाणा कसा बसतोय!"

मला त्यांची किळस आली. मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी माझा हात दाबला. "जाऊ दे. ऑपरेशनला येणार आहेत ना माझ्याबरोबर नागपूरला. कबूल केलंय त्यांनी."

डावा डोळा जवळजवळ गेलाच होता, उजवा वाचवायचा होता. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने तारीख घेतली, दोघांची तिकिटं काढली. निघायच्या दुपारी मी वर गेले तर काकू नेसून-सवरून बॅगेशेजारी बसलेल्या आणि साहेब बनियनवर, हातात बाटली.

"सांध्यावर गोंद सोडलाय," ते म्हणाले. सांधा म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा. "वाळेपर्यंत पाती हलवत राहावी लागतात, नाहीतर चिकटतील. तू हो पुढे, मी येतो उद्या-परवा."

"आजच सोडायचा होता का?" मी विचारलं.

"कामाला मुहूर्त नसतो, बाई."

बायकोच्या तोंडाला अशी पानं पुसून ते पुन्हा फळीवर वाकले. काकूंनी बॅग उचलली. चारबाग स्टेशनवर मी त्यांना गाडीत बसवलं, समोरच्या जोडप्याला "आंटीजी का ध्यान रखिएगा" म्हणून विनवलं. गाडी हलायच्या आधी काकूंनी पर्समधून औषधाची एक रिकामी बाटली काढली.

"त्यांना दे. सांग, आता घरात दुसरी मिळायची नाही."

मी तसंच्या तसं सांगितलं. गाडी वेळेवर सुटली का, एवढंही साहेबांनी विचारलं नाही. बाटली उजेडात धरून म्हणाले, "वा! हिचं टोक आणखी बारीक आहे."

काकूंचा उजवा डोळा वाचला. साहेब नागपूरला गेले नाहीत. त्यांचा सांधा शेवटी चिकटलाच. गाडी एकाच रुळावर गोल गोल फिरते. परवा जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"मीना, मिसेसशी बोलतेस ना तू फोनवर? येताना दोन-चार रिकाम्या बाटल्या आणायला सांग."

"त्या आता येणार नाहीत, साहेब."

ते क्षणभर विचारात पडले.

"मग कुरियरने पाठवायला सांग."