सुई माझी, वही तिची

"कपडे बदलले म्हणून मावशीची सिस्टर होत नाही." मॅडम सगळ्या वर्गासमोर बोलल्या. पोरी खिदळल्या.

चूक माझीच होती. जळगावच्या ज्या दवाखान्यात मी चार वर्षं मावशी म्हणून राबले, तिथेच आमच्या नर्सिंगच्या वर्गाचं प्रॅक्टिकल लागलं. दुपारी दोनपर्यंत मी पांढऱ्या कपड्यांतली विद्यार्थिनी, दोननंतर हिरव्या साडीतली मावशी. पहिल्याच सकाळी एका पेशंटनं लघवीचं भांडं मागितलं आणि मी सवयीनं धावले. बाकी एकही पोर हलली नाही. तेव्हापासून सकाळची भांडीही माझ्याच गळ्यात पडली.

पल्लवी ही दवाखान्याच्या मालक डॉक्टरांची पुतणी. माझ्याच वर्गात. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. तिच्या स्कूटीचा, तिच्या इंग्रजीचा, फिनेलचा वास नसलेल्या तिच्या हातांचा. सगळ्यात जास्त तिच्या वहीचा. केलेलं प्रत्येक काम वहीत लिहून मॅडमची सही घ्यायची. वही भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तिची भरत आलेली. माझी कोरी. माझा नंबर आला की मला भांडं घेऊन पाठवायचे.

आणि तिला सलाइन लावायला शीर सापडायची नाही. पडदा ओढून मला हळूच बोलवायची. सुई मी लावायची, सही तिच्या वहीत. बोलले तर मावशीची नोकरी जाईल, म्हणून मी गप्प. घरी येऊन जळायचे नुसती.

एक दिवस आमच्या सातपुड्याकडची एक म्हातारी दाखल झाली. जुलाबांनी पार सुकलेली. सकाळपासून तिला मीच पुसत, उठवत होते. पल्लवीनं दोनदा टोचलं. म्हातारीनं हात ओढून घेतला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तिले लावू दे, माय. तिना हात हलका शे."

मी लावली. एका दमात. तेवढ्यात मॅडम आल्या आणि पल्लवीनं वही पुढे केली. त्या म्हातारीनं माझा हात ओळखला होता आणि मीच तो लपवत होते.

"मॅडम, सुई मी लावली. सही माझ्या वहीत करा."

पल्लवी खाली बघू लागली. मॅडमनी पलीकडच्या खाटेकडे मान केली. "आधी त्यांना भांडं दे."

"देते. पण भांडं देणं हे कामही वहीतल्या यादीत छापलंय. त्याचीही सही लागेल."

मॅडम निघून गेल्या. सही केली नाही, ना माझ्या वहीत, ना तिच्या.

मी भांडं दिलं. हात धुतले. वहीत दोन्ही कामं लिहिली, पुढे सहीची जागा मोकळी ठेवली. आता रोज लिहिते. हेवा अजून आहे, कमी झालेला नाही. जागा अशाच मोकळ्या राहिल्या तर वही घेऊन प्राचार्यांच्या दारात बसणार आहे. नोकरी जायची तर जाऊ दे. माझ्या हातची सुई आता दुसरीच्या वहीत जाणार नाही.