टाकीच्या ओट्यावरचा बुधवार

वणीकडच्या राजूरजवळच्या एका गावात शीलाताई खोब्रागडे सतरा वर्षं अंगणवाडी चालवत होत्या. रडकं पोरगं कडेवर घेऊन त्या गाणं म्हणत अशा ठेक्यात डोलत, की पोरगं रडायचं विसरे. बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं कापूस खाल्ला, तेव्हा पोरांमागून त्यांच्या आयाही येऊन बसायला लागल्या. मनातलं सांगायच्या, डोळे पुसायच्या आणि हलक्या होऊन घरी जायच्या. ताई ऐकत गेल्या. तुमचं कसं आहे, असं त्यांना मात्र कुणी विचारलं नाही.

मग एका हिवाळ्यात ताईंचं गाणं थांबलं. झोप उडाली, जेवणातली चव गेली. अंगणवाडीचं सगळं मदतनीस लालीबाईच ओढायची. नवरा बाबाराव कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यांना वाटलं अशक्तपणा असेल. त्यांनी डाळिंबं आणली, मग टॉनिक आणलं.

एका दुपारी पोरं गेल्यावर ताईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "मले काहीच करावंसं वाटून नाही राह्यलं. काय करू?"

फोनला ती बोली कळली नाही, त्यानं केसगळतीचं तेल दाखवलं. त्यांनी तेच पुस्तकी मराठीत सांगितलं, तेव्हा एका संस्थेचं पान उघडलं. मोफत समुपदेशन, मराठीतून. आधी काही प्रश्न होते: झोप लागते का, भूक लागते का, जगणं नकोसं वाटतं का. आजवर घरोघरी फिरून प्रश्न विचारायचं काम ताईंचं होतं. आज त्यांना कुणीतरी विचारत होतं. त्यांनी एकही उत्तर खोटं दिलं नाही.

बुधवारी तीनला व्हिडिओ कॉल ठरला. रेंज यायची फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. समोरच्या समुपदेशक बाई सांगलीकडच्या. ताई दोन वाक्यं सांगून पदराशी चाळा करायला लागल्या, तशी कुणी ऐकू नये म्हणून राखण करायला आलेल्या लालीबाईनं फोनमध्ये डोकं घातलं.

"मॅडम, ताई सोता जेवून नाही राह्यल्या, आन मलेच इचारतेत, जेवली का म्हणून."

त्या बाई हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी ताईही हसल्या. हा आजार आहे, बरा होतो, यात तुमची काही चूक नाही, असं बाईंनी समजावलं. डॉक्टरांनाही दाखवायला सांगितलं.

घरी ताईंनी भीत भीत विषय काढला. लोक नावं ठेवतील, असंही म्हणाल्या.

बाबारावांनी टॉनिकची बाटली बाजूला सारली. मग म्हणाले, "इंजिन आवाज करते तं मी मिस्त्रीले दाखवतो. तुले डॉक्टरले दाखवाले कायची लाज?"

मोटरसायकलवर दोघं यवतमाळला गेले. गोळ्या सुरू झाल्या, बुधवारही चालू राहिले. तिसऱ्या खेपेला परतताना ताईंनी झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे मागवले आणि तर्री फिकी आहे म्हणून हॉटेलवाल्याला सुनावलं. बाबाराव खूश होऊन आणखी एक प्लेट घेऊन आले.

बाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. आधी लालीबाई सोबत निघाली, मग चौघी, मग नऊ जणी. चालता चालता एक दिवस ताईंनी पोरांचं गाणं धरलं आणि बाकीच्यांनी उचललं. त्यातल्या दोघींनी नंतर हळूच त्या संस्थेचा नंबर मागून घेतला.

पुढच्या वर्षी वणीला भरलेल्या अंगणवाडी सेविकांच्या मेळाव्यात ताई लिंबू-चमच्याच्या शर्यतीत धावल्या. दुसऱ्या आल्या. पहिलीनं लिंबू अंगठ्यानं दाबून धरलं होतं, म्हणून ताई पंचांशी भांडत होत्या, आणि मंडपाच्या टोकाला बाबाराव त्यांना आवरायला निघालेल्या लालीबाईला सांगत होते, "थांब जरा, भांडू दे तिले."